परियट नदीत उतरवलेली मोटार

“अरे भाईसाहब, गाड़ी बेचनी है, विसर्जन नहीं करना है!”

डॉक्टरबाबू परियट नदीच्या काठावरून असे ओरडत होते की पलीकडच्या म्हशी चरायचं सोडून बघायला लागल्या. त्यांची काळी मोटार नदीच्या मधोमध उभी होती. आत स्टीअरिंगवर शेजारचे सरदारजी. बाहेर, पँट मांडीपर्यंत गुंडाळून पाण्यात उभे, आमचे हे. हातात लाकडी पट्टी. ती चाकापाशी धरून हे पाणी मोजत होते.

“अजून चार बोटं पुढे घ्या,” हे म्हणाले.

“और आगे गई तो मछली लेके लौटेगी,” सरदारजी आतून.

“लौटेगी ना? बस, वही देखना है.”

मी काठावर एका दगडावर बसले होते, उजवा पाय समोर सरळ ठेवून. तो सरळच असतो. गुडघ्यातून वाकत नाही. मोटार ह्या पायासाठीच घ्यायची होती, आणि त्या मोटारीत मी तासाभरापूर्वी बसून पाहिलं होतं. रुंद दार, पुढं एकच लांबलचक गादी, ती पार मागं सरकायची, आणि समोर पाय पसरायला एवढी जागा की तिथं एखाद्यानं पाट मांडून जेवावं. पाय आत गेला, दार लागलं. गेल्या कित्येक महिन्यांत असं कुठलंच दार माझ्यामागं लागलं नव्हतं. मी ह्यांना तिथंच म्हटलं, “अहो, हीच. आता दुसरी बघू नका.”

हे म्हणाले, “बसायला काय, खुर्चीतपण बसता येते. थांब जरा.”

आणि मोटार नदीत घातली.

चार बोटं पुढे गेल्यावर तिनं एक मोठा ढेकर दिला आणि ती गप्प झाली. डॉक्टरबाबू मात्र गप्प होईनात. पुढचा अर्धा तास त्यांनी बंगालीत जे काही म्हटलं ते मला कळलं नाही, पण नदीला कळलं असावं, कारण पाणी थोडं उतरलं. शेवटी म्हशी जुंपून मोटार ओढून काढली. डॉक्टरबाबू पुढं सगळ्यांना सांगायचे की म्हशी नव्हत्या, बैल होते. त्यांनी त्यांच्या गोष्टीत बैल जुंपावेत. माझ्या गोष्टीत म्हशीच आहेत.

“नापास,” हे म्हणाले, आणि पट्टी पुसून पिशवीत ठेवली.

आता ही पट्टी आणि हे पास-नापास काय ते सांगते. आमचे हे ट्रकांच्या कारखान्यात तपासणी खात्यात. फौजेचा नवा ट्रक बाहेर पडायच्या आधी त्याला चार कसोट्या: चढ, पाणी, खड्डे आणि ब्रेक. चारही झाल्या की हे चेसिसवर आपल्या नंबराचा ठसा ठोकायचे आणि म्हणायचे, “पास.” सरदारजी त्यांचे चाचणीचे ड्रायव्हर. ट्रक कड्यावर चढवायचा असो की चिखलात रुतवायचा, ते नेहमी हसत. घरीसुद्धा ह्यांचं तेच चालायचं. वरणाचा घोट घेतला की “पास.” मला बघायला आले होते तेव्हाही म्हणाले असणार, मला ऐकू आलं नाही एवढंच.

पायाची गोष्टही ट्रकांचीच. मी रिछाईच्या अलीकडे मुलींच्या शाळेत भूगोल शिकवायचे. आम्ही राहायला दीक्षितपुऱ्यात, तेव्हा रोज टांगा. लढाईच्या दिवसांत रस्त्यावरून ट्रकांचे ताफे निघायचे, असे लांब की पहिल्या ट्रकचा ड्रायव्हर म्हातारा होऊन निवृत्त झाला तरी शेवटचा अजून फाटकातच. एका सकाळी ओमती नाल्यापाशी असाच ताफा आला, पुढच्यानं भोंगा वाजवला, आणि टांग्याच्या घोड्याला एकदम स्वतःचं गाव आठवलं. टांगा उलटला. मी खाली, टांगा वर. हाड जुळलं, पण गुडघ्याला वाकायचं कसं ते परत कधी आठवलं नाही.

ते ट्रक ह्यांनीच पास केलेले होते, हे मी कधी बोलून दाखवलं नाही. म्हणजे रोज नाही दाखवलं.

त्यानंतर त्या रस्त्यावर एकही टांगेवाला यायला तयार होईना. रिक्षावाले होते ते सगळे कारखान्यात लागले, कारण लढाईत माणसाला हात-पाय असले की कारखाना आत ओढून घ्यायचा. उरलेल्या एका रिक्षात बसले तर माझा पाय बाहेर निघायचा आणि येणारे-जाणारे त्याला नमस्कार करून जायचे. बसची पायरी माझ्या कमरेला. कारखान्याच्या क्वार्टरसाठी अर्ज केला तर बाहेरगावहून भरती झालेल्यांचा नंबर आधी. राहिली मोटार. ह्यांचा कारखाना आणि माझी शाळा एकाच रस्त्यावर, सकाळी जाता जाता मला सोडायचं, झालं.

शाळेच्या बड़ी बहनजी, म्हणजे मुख्याध्यापिका, घरी आल्या होत्या. काठी टेकत मी दारापर्यंत गेले, तर त्या माझ्या पायाकडे न बघता भिंतीकडे बघत होत्या. भिंतीवर जगाचा नकाशा, शाळेचाच, फाटला म्हणून मी घरी आणून चिकटवलेला.

“जुलाई तक जगह रखूँगी,” त्या म्हणाल्या. “उसके बाद मेरे हाथ में नहीं है. तुम आ जाओ, बस. कैसे भी.”

कैसे भी. मी हो म्हटलं. मग त्यांना आलेपाक दिला. त्या गेल्यावर मी नकाशापाशी उभी राहून जगातल्या मोठ्या नद्या पुन्हा म्हटल्या, मोठ्यानं, वर्गात म्हणते तशा. मागून एकही मुलगी म्हणाली नाही.

तेव्हा देशात नव्या मोटारी तीनच जातीच्या मिळायच्या: एक म्हशीसारखी, एक बेडकासारखी आणि एक चिडलेल्या आत्यासारखी. तिघींचेही नंबर लावायचे आणि नंबर येईपर्यंत नातवाचं लग्न करून घ्यायचं. म्हणून जुनी बघायची. आणि जुनी बघायची म्हटली की आमच्याकडे फक्त बघत नाहीत.

डॉक्टरबाबूंच्या मोटारीनंतर एका ठेकेदाराची बेडूकजातीची आली. ती मदनमहालच्या टेकडीवर उलटी चढवली. उलटी. रिव्हर्समध्ये. अर्ध्यावर तिनं वाफ सोडली, ती अशी की खालच्या वस्तीतल्या बायकांना वाटलं आज दुपारीच कोणी चूल पेटवली. नापास. मग एका निवृत्त स्टेशनमास्तरांची आली. तिच्यात वाळूची पोती भरून तिला खाणीच्या रस्त्यावर पळवलं. स्टेशनमास्तर मागच्या सीटवर पोत्यांमध्ये बसले होते. परत आले तेव्हा मोटारीचे स्प्रिंग बसले होते आणि मास्तरांची कवळी सापडत नव्हती. नापास. कवळी पुढं पोत्यात सापडली.

सगळे हसायचे. मीही हसायचे, पाय समोर धरून. पण महिने चालले होते.

एकदा जेवताना मी म्हटलं, “अहो, दीक्षितपुऱ्यातून रिछाईला जायचं आहे. रस्त्यात नदी कुठाय? ओमतीचा एक नाला, त्याच्यावर पूल आहे. टेकडी कुठाय? आणि मला घेऊन जाताना तुम्ही उलटं काहून चालवाल?”

“तू काहून घाई करून राहिली?” हे म्हणाले. “गाडी एकदाच घ्यायची असते.”

“मी जुलैची घाई करून राहिली.”

“बघू ना.”

सरदारजी तिथंच पोळी खात होते. ते म्हणाले, “भाईसाहब, पहले भाभीजी को बिठाके देख लिया करो. बाकी तो बाद में डुबो लेंगे.”

“बाद में,” हे म्हणाले. “पहले गाड़ी तो पास हो.”

आता कुणाला वाटेल हा माणूस वेडा. लढाईच्या आधी नव्हता. आधी हे सायकलवरून यायचे, दाराशी घंटी वाजवायचे, आणि खिळखिळी सायकल भिंतीला टेकवून म्हणायचे, “चालतेय ना, मग झालं तर.” लढाई संपली आणि सीमेवरच्या मोडक्या गाड्या रेल्वेनं परत यायला लागल्या. एका दुपारी हे घरी आले आणि जेवले नाहीत. मग म्हणाले की एक ट्रक आला आहे, पुढून जळलेला. “चेसिस घासून बघितली तर ठसा माझाच.”

“नाल्यात उभा राहिला होता म्हणे.”

कोण म्हणे? ते त्यांनाही माहीत नव्हतं. वॅगनवर कोणीतरी बोललं, एवढंच. गोळा लागून उभा राहिला, की तेल संपून, की पाणी आत शिरून, आणि आत कोण होतं, कोणी सांगितलं नाही. विचारायला जागाही नव्हती. ट्रक थोडाच बोलतो.

मी म्हटलं, “गोळा लागला असेल, अहो.”

“असेल,” हे म्हणाले.

त्यानंतर वरणसुद्धा एका घोटात पास झालं नाही. आणि ह्यातलं मी काहीही वाढवून सांगितलेलं नाही. वाढवायचं ते मी म्हशींच्या वेळी वाढवलं.

म्हणून मी नदीच्या काठावरून ओरडले नाही. डॉक्टरबाबू ओरडत होते, ते दोघांसाठी पुरेसं होतं. पाण्यात उभ्या ह्यांचं तोंड मला दिसत होतं. ते मोटारीकडे बघत नव्हते, पट्टीवर पाणी कुठवर चढतं तेवढंच बघत होते. मोटार थांबली तेव्हा त्यांनी डोळे मिटले. त्या माणसाला काय सांगायचं, की गादी मऊ आहे?

जूनच्या शेवटी फौजेच्या लिलावातून जीप आली.

सरदारजींनी गल्लीच्या तोंडापासून भोंगा वाजवत आणली. अख्खा दीक्षितपुरा ओट्यांवर आला. जीपचे पुढचे दिवे अजून लढाईतल्यासारखे अर्धे काळे रंगवलेले होते, त्यामुळं ती झोपेतून उठून आल्यासारखी दिसत होती. आणि शेजारी आमचे हे, चिखलानं कमरेपर्यंत माखलेले, आणि हसत! लढाईनंतर हे असे हसलेले मी बघितले नव्हते. परियटमध्ये तीनदा नेली म्हणे, एकदा मधोमध बंद करून पुन्हा चालू केली. मदनमहाल उलटी चढली, आणि वर जाऊन दमलीसुद्धा नाही. खाणीचा रस्ता तिनं खाल्ला. ब्रेक असे की सरदारजींची पगडी पुढच्या काचेवर.

“पास!” हे गल्लीतून ओरडले. “अगं, चारही पास!”

मी शाळेची साडी नेसून बसले होते. सकाळपासून. काठी घेऊन बाहेर आले, आणि जीपपाशी जाऊन उभी राहिले.

जीप माझ्या कमरेपर्यंत उंच. कोणीतरी स्टूल आणलं. सरदारजी म्हणाले, “आइए भाभीजी,” आणि त्यांनी एका बाजूनं, ह्यांनी दुसऱ्या बाजूनं मला वर चढवलं. बसले. सीट पक्की ठोकलेली, ना पुढं जात ना मागं. समोर पत्रा, हातभर अंतरावर. डावा पाय आत गेला. उजवा पाय बाहेरच राहिला, सरळ, तोफेच्या नळीसारखा. जीपला दार नसतं, म्हणून पाय बाहेर ठेवायला अडचण काहीच नव्हती. फक्त कारखान्याची पाळी सुटायच्या वेळेला त्या रस्त्यावर सायकलींचा पूर येतो, त्यातल्या निम्म्या माझ्या पायावर येऊन आदळल्या असत्या आणि उरलेल्या निम्म्या त्यांच्यावर.

“पीछे बैठ जाएँगी,” सरदारजी म्हणाले, पण हळू. मागं फौजेनं वायरलेससाठी लोखंडाची एक पेटी ठोकलेली होती, कपाटाएवढी. ती काढली तर गाडीचा तोलच बिघडेल, असं ह्यांनी लगेच सांगितलं. वजन बघून तर तिला पास केलं होतं.

मी अंग तिरकं करून पाहिलं. आडवी होऊन पाहिलं. एकदा तर ह्यांच्याकडे पाठ करून, पाय मागं टाकून पाहिलं. ओट्यावरची एक पोरगी खुदकन हसली, तिच्या आईनं तिला चापट मारली. मग कोणीच हसेना. हसले असते तर बरं झालं असतं. मीही काहीतरी बोलले असते.

मला खाली उतरवलं. सरदारजींनी स्टूल उचललं, आणि ते कुठं ठेवायचं ते न कळून हातात धरूनच उभे राहिले.

डॉक्टरबाबूंची मोटार एव्हाना कटनीच्या कोणा भंगारवाल्यानं नेली होती. जुलै दोन दिवसांवर होता.

संध्याकाळपर्यंत हे जीप धूत बसले. टायरांच्या खाचांतला चिखल काडीनं काढला. दिव्यांवरचा काळा रंग खरवडला. मी ओट्यावर बसले होते, शाळेची साडी तशीच, पाय समोर. अंधार पडायला लागला तेव्हा मी विचारलं, “आता बड़ी बहनजींना काय सांगू?”

ह्यांनी फडकं पिळलं, बादलीच्या काठावर पसरलं, आणि जीपकडे बघत म्हणाले, “गाडी पास आहे.”