पाठमोरं बाक

मिस व्हर्ना पासवॉटर्स कोणाला मत देतात, हे सबंध ससेक्स काउंटीत कोणालाही माहीत नाही. (आमच्याकडे लग्न झालेल्या बाईलाही आदराने 'मिस' म्हणतात.) त्यांचे यजमान रॉइस हयात होते तोवर त्यांनाही माहीत नव्हतं. "एवढी वर्षं एका छपराखाली काढली, पण बाईने पत्ता लागू दिला नाही," असं ते कौतुकाने सांगायचे आणि मिस व्हर्ना ऐकू न आल्यासारखं करायच्या.

त्यांचं शेत नेमकं चौकात आहे. जॉर्जटाऊनला जाणारा आणि समुद्राकडे जाणारा प्रत्येक जण तिथल्या लाल दिव्याला थांबतो. निवडणुकीची पाटी रोवायला याहून चांगली जागा आख्ख्या डेलावेअरमध्ये नसेल. दर निवडणुकीला कोणीतरी पाट्या काखोटीला मारून येतो, सोयाबीनच्या कडेला उभा राहतो आणि तसाच परत जातो.

"माझ्या हातात लगाम असतो, बाबा," मिस व्हर्ना सांगतात. "लगामवालीने पाटी लावायची नसते."

मतदानानंतरच्या गुरुवारी आमच्याकडे रिटर्न डे असतो. त्या दिवशी जिंकलेला आणि हरलेला एकाच बग्गीत बसून जॉर्जटाऊनच्या गोल चौकाला फेरी मारतात. बग्गीत समोरासमोर दोन बाकं. जिंकलेला पुढे तोंड करून बसतो, हरलेला पाठमोरा. मग कोर्टाच्या सज्ज्यातून निकाल वाचतात, दोन्ही पक्षांचे प्रमुख भांडण मिटलं म्हणून मिळून एक कुऱ्हाड वाळूत पुरतात आणि सगळा गाव पावात घातलेलं भाजलेल्या बैलाचं मांस खातो. मोठ्या सिनेटची, म्हणजे वॉशिंग्टनला जाणाऱ्यांची बग्गी पासवॉटर्सांच्या घोड्यांकडे असते. आधी मिस व्हर्नांचे वडील हाकायचे. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी भर मिरवणुकीत लगाम लेकीच्या हातात दिला आणि स्वतः चालत घरी गेले. तेव्हापासून त्या.

पण मिस व्हर्नांना आम्ही ओळखतो ते शाळेच्या बसमुळे. आमच्या बाजूच्या दोन पिढ्या त्यांनी चालवलेल्या बसने शाळेत गेल्या. त्यांच्या बसमध्ये भांडण झालं की सुरुवात कोणी केली हे त्या विचारत नसत. दोघांना उठवायच्या आणि आपल्या पाठीमागच्या पहिल्या बाकावर शेजारी शेजारी बसवायच्या. बोलायचं नाही, ढकलायचं नाही. खिडकी एकालाच मिळणार, म्हणून अर्ध्या वाटेत बस थांबवून जागा बदलायला लावायच्या. मी त्या बाकावर तीनदा बसले आहे. दोनदा माझी काही चूक नव्हती.

यंदा सिनेटर होते थर्मन पेनेवेल, आमच्याच सीफर्डचे. तीन वेळा निवडून आलेले, तिन्ही वेळा पुढे तोंड करून बसलेले. त्यांचा एक ठरलेला विनोद होता. अग्निशमन दलाच्या सभागृहात चिकन-डम्पलिंगचं जेवण असलं की ते हातात वाढायची पळी घेऊन टेबलांमधून फिरायचे आणि म्हणायचे, "मंडळी, मला उलटं बसलं की मळमळतं. मत द्या, नाहीतर मिस व्हर्नांची बग्गी खराब होईल!" लोक दर वेळी हसायचे. हा विनोद आमच्याकडे वाढप्याच्या पळीइतका जुना झाला होता.

या वेळी त्यांच्या विरोधात उभी राहिली कोरिन विल्गस. लॉरेलची, गुराढोरांची डॉक्टर. कोपरापर्यंत हातमोजे घालून तिने निम्म्या काउंटीची वासरं बाहेर काढली आहेत. त्याच सभागृहात, त्याच जेवणात, पेनेवेल यांचा विनोद संपल्या संपल्या ती दुसऱ्या टोकाहून ओरडली, "मळमळीवर माझ्याकडे औषध आहे, सिनेटर! घोड्याचं आहे, पण तुमच्यासाठी डोस कमी करीन!"

हशा झाला तो पहिल्या हशापेक्षा मोठा होता. पेनेवेलही हसले, पण पळी खाली ठेवून. ही निवडणूक सोपी जाणार नाही, हे आम्हाला तिथेच कळलं.

मग एल्वुड स्टीनच्या चाऱ्याच्या दुकानात पैजा सुरू झाल्या. निकालाच्या नव्हेत, मिस व्हर्नांच्या मताच्या. रॉइस यांचं सैन्यातलं पेन्शन कुठल्याशा कपाटात अडकलं होतं, ते पेनेवेल यांनी सोडवून दिलं होतं. आणि मिस व्हर्नांच्या बिस्किट घोड्याला पोटशूळ उठला तेव्हा कोरिनने त्याला दोन दिवस लगाम धरून अंगणात फिरवलं होतं.

"पेन्शन की पोटशूळ?" एल्वुड प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा. एकदा त्याने हे मिस व्हर्नांनाच विचारलं.

"ओटचं पोतं," त्या म्हणाल्या. "आणि बाहेर गाडीत ठेव."

मंगळवारी मतदान झालं. फरक इतका कमी निघाला की तेवढी माणसं आमच्या शाळेच्या जेवणघरात बसली असती. कोरिन जरा पुढे होती, पण एवढ्या थोड्या फरकाला फेरमोजणी आलीच. ती व्हायला पुढचा आठवडा उजाडणार होता. आणि बग्गी गुरुवारी निघायची होती.

बुधवारी सकाळी मी नेहमीच्या दुरुस्तीला मिस व्हर्नांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये पंख्याचा पट्टा बदलत होते. नवा पट्टा आणायला पागेत गेले तर तिथे एल्वुड उभा. तो मिरवणुकीच्या समितीचा प्रमुख. त्याच्या मागे दोन वकील, दोन्ही बाजूंचा एकेक, बुटांना शेण लागू नये म्हणून एकाच फळीवर दाटीने उभे. मिस व्हर्ना घोड्यांच्या साजाला तेल लावत होत्या.

"मिस व्हर्ना," एल्वुड म्हणाला, "यंदा सिनेटची बग्गी काढू नये असं म्हणतायत."

"कोण म्हणतंय?"

एल्वुडने अंगठ्याने मागे दाखवलं.

"बाई, जरा समजून घ्या," पहिला वकील म्हणाला. "आमचे सिनेटर पाठमोरे बसले की तोच फोटो सगळीकडे जाणार. लोक म्हणणार, यांनी हार मानली."

"मग आमच्या डॉक्टरांनी बसायचं का पाठमोरं?" दुसरा म्हणाला. "पुढे त्या आहेत."

"पुढे! मोजणी व्हायचीय अजून!"

"फळी मोडेल," मिस व्हर्ना म्हणाल्या. दोघांनी पायाखालच्या फळीकडे पाहिलं.

"एल्वुड, माझ्या वडिलांच्या वेळी गारा पडल्या होत्या. बग्गी निघाली. एका वर्षी हरलेल्याचा पाय मोडलेला होता. त्याला खुर्चीसकट वर चढवला."

"ठाऊक आहे. पण हे पायाचं नाही, कायद्याचं आहे. बग्गीत दोन बाकं. एक सरळ, एक उलटं. मधलं काही नाही त्यात."

"आहे की," मिस व्हर्ना म्हणाल्या. "माझं."

एल्वुडला कळायला वेळ लागला. मला लगेच कळलं आणि हसू आवरेना.

"दोघंही वर, हाकायच्या बाकावर. मी मध्ये. मागची दोन्ही बाकं रिकामी. दोघांचं तोंड पुढे. आता फोटो काढा म्हणावं हवे तेवढे."

वकिलांनी एकमेकांकडे पाहिलं. पहिला म्हणाला, "उजव्या हाताला कोण बसणार?"

"अर्ध्या फेरीत जागा बदलायची," मिस व्हर्ना आणि मी एकदमच म्हणालो.

यावर दोघांनाही काढायला खोट सापडली नाही. मिस व्हर्नांनी तेलाचं फडकं घडी करून ठेवलं.

"पण ही निम्मीच फेरी झाली. मोजणी संपली की येत्या नाही, त्याच्या पुढच्या शनिवारी दोघांनी इथे यायचं. हरलेल्याने पाठमोरं बसायचं. उरलेली फेरी मी माझ्या शेतात मारीन."

"इथे?" दुसरा वकील हसला. "ना मिरवणूक, ना कॅमेरा. हरलेला माणूस कशाला येईल, बाई?"

"ते तुमच्या कायद्यात नाही ना? मग तुम्ही काळजी करू नका."

वकील गेल्यावर एल्वुड मागे रेंगाळला. "आणि खरंच नाही आलं कोणी तर?"

"तर पुढच्या खेपेला लगाम दुसऱ्याला दे."

"असं कसं?"

"असंच. ही माणसं एका बग्गीत बसणारी आहेत, अशा भरवशावर मी ती हाकते. तो भरवसाच खोटा निघाला तर मी वर बसून काय करू? नुसते घोडे काय, कोणीही हाकेल."

एल्वुड माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे निघून गेले. पण मिस व्हर्नांच्या आवाजात काळजी नव्हती, हे मी नीट ऐकलं होतं. दुधाची बाटली दारात येणार, तशी ही माणसं येणार, असा तो आवाज होता.

दुपारी त्यांनी दोघांना फोन केले. कोरिन त्यांच्याच बसमधली.

"म्हणजे पहिलं बाक? अजूनही, मिस व्हर्ना?"

"नियम आठवतात ना, पोरी?"

"बोलायचं नाही, ढकलायचं नाही."

"यंदा बोलायला हरकत नाही."

पेनेवेल यांना त्या अरेतुरे करतात. शाळेत एका वर्गात होते दोघं. "थर्मन, वर बसायचंय. आणि शनिवारचं ऐकलंस ना?"

"ऐकलं," ते म्हणाले. येतो म्हणाले नाहीत, की येणार नाही असंही म्हणाले नाहीत.

गुरुवारी जॉर्जटाऊनचा गोल चौक भरून गेला होता. मिस व्हर्ना मध्ये, डाव्या हाताला सिनेटर, उजव्या हाताला डॉक्टर, तिघंही बाटलीत कोंबलेल्या लोणच्यासारखे. बिस्किट आणि जॅस्पर, दोन काळे थोराड घोडे, माना हलवत चालले होते. अर्ध्या फेरीला, बरोबर बँकेसमोर, मिस व्हर्नांनी लगाम ओढला.

"उठा."

सिनेटर आणि डॉक्टर त्यांच्या गुडघ्यांवरून एकमेकांना ओलांडू लागले. सिनेटरांची टोपी खाली पडली. कोरिनने उडी मारून ती उचलली, झटकली आणि स्वतःच त्यांच्या डोक्यावर ठेवली. लोकांनी असा गलका केला की जॅस्पर दोन पावलं मागे सरला. सज्ज्यातून निकाल वाचणारा सिनेटपाशी थांबला आणि म्हणाला, "मोजणी चालू आहे." त्यावरही टाळ्या पडल्या.

पुढच्या आठवड्यात मोजणी संपली. पेनेवेल हरले.

कोरिनचा फोन लगेच आला. "शनिवारी येते, मिस व्हर्ना." पेनेवेल यांच्याकडून काहीच नाही. चाऱ्याच्या दुकानात आता नवीन पैज लागली होती आणि ती एकतर्फी होती. "वॉशिंग्टनमध्ये खोकी भरत असेल तो," एक जण म्हणाला. "अठरा वर्षं पुढे तोंड करून बसलेला माणूस. मान तरी वळेल का त्याची?"

शनिवारी मी गेले. पंख्याचं काही काम नव्हतं. एल्वुडही आला होता, न मागवलेली दोन पोती घेऊन. कोरिन येऊन जॅस्परचा खूर बघत बसली होती. घोडे जुंपून तयार. बग्गी पुसलेली. पाठमोऱ्या बाकाजवळ एक रिकामी पत्र्याची बादली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"लागली तर."

वेळ जात होता. एल्वुडने दोनदा रस्त्याकडे जाऊन पाहिलं. तिसऱ्यांदा आला तो मान खाली घालून. "मिस व्हर्ना, घोडे ताटकळलेत. सोडायचे का?"

"कशाला? निघायचंय आत्ता." त्यांनी बिस्किटची आयाळ परत विंचरायला घेतली.

मी त्यांच्या हाताकडे पाहिलं. त्याच त्या जागेवरून ब्रश पुन्हा पुन्हा फिरत होता.

तेवढ्यात चौकातून एक जुना निळा ट्रक वळला. आत पेनेवेल एकटेच, अंगात कॅनव्हासचं शेतातलं जॅकेट.

"उशीर झाला," ते उतरत म्हणाले. "तुझ्या चौकातला दिवा, व्हर्ना. सिनेटर असताना हटकून हिरवा मिळायचा."

"तेव्हाही लालच असायचा. तुझा ड्रायव्हर थांबत नव्हता."

कोरिन पुढे झाली. दोघांनी हात मिळवले.

"चढा," मिस व्हर्ना म्हणाल्या.

पेनेवेल चढले, क्षणभर सरळ बाकाकडे पाहिलं आणि पाठमोरे बसले. पायाला बादली लागली. त्यांनी ती उचलून बघितली आणि असे हसले की त्या जेवणांमध्ये तसं हसताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. बादली मांडीवर घेऊन म्हणाले, "चल, हाक."

बग्गी शेडच्या मागून, कापलेल्या सोयाबीनच्या कडेने चौकापर्यंत गेली आणि वळली. ते काय बोलत होते ते आम्हाला ऐकू आलं नाही. जाताना पेनेवेल हातवारे करून काही सांगत होते आणि कोरिन कोपर गुडघ्यावर टेकून ऐकत होती. येताना कोरिन विचारत होती. चौकात लाल दिव्याला थांबलेल्या एका गाडीतल्या माणसाने काच खाली करून टोपी काढली, एवढीच मिरवणूक.

बग्गी पागेपाशी थांबली.

"काय दिसलं, सिनेटर?" एल्वुडने विचारलं.

"तिसऱ्या शेडचा मागचा पत्रा उडालाय. पुढून कळत नाही." ते खाली उतरले आणि त्यांनी बादली उलटी करून दाखवली. कोरडी.

"म्हणजे मळमळ वगैरे काही नाही?" एल्वुड म्हणाला. "अठरा वर्षं थापा मारल्यास?"

"थापा नाही रे," पेनेवेल म्हणाले. "कधी बसून बघितलंच नव्हतं."

मिस व्हर्नांनी त्यांच्या हातातून बादली घेतली, एल्वुडच्या पोत्यातले ओट तिच्यात ओतले आणि ती बिस्किटपुढे धरली. घोडा खाऊ लागला.

"एल्वुड," त्या म्हणाल्या, "पुढच्या खेपेचा लगाम."

"तुमचाच, मिस व्हर्ना. पण आता सगळं संपलंय, तर सांगून टाका. मत कोणाला दिलंत?"

पेनेवेल थांबले. कोरिनही थांबली. मीसुद्धा.

"बादली धर," मिस व्हर्ना म्हणाल्या, "मला जॅस्परचा साज सोडायचाय."