पाय ऐकत नाहीत

अख्ख्या बदलापुरात माझ्या मावसबहिणीइतकं कमी बसलेलं माणूस सापडणार नाही. दहावीत आम्ही एकाच वर्गात होतो. ती जेवायची उभ्याने, इतिहास पाठ करायची खरवईच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये गॅलरी ते किचन फेऱ्या मारत, आणि मालिका बघायची सोफ्याच्या मागे उभी राहून. बसलीच तर पाच मिनिटांत पाय हलायला लागायचे. संध्याकाळी तर विचारूच नका. विहारात वंदनेला सगळे मांडी घालून बसायचे, तेव्हा ही मागे चपलांपाशी येरझाऱ्या घालत त्रिसरण म्हणायची. कोणी बघितलं तर वर विचारायची, "शब्द तर बरोबर आहेत ना?" वर्गात बाक हलतो म्हणून सरांनी झापलं, तर म्हणाली, "सर, पाय माझं ऐकत नाहीत. तुमचं ऐकत असतील तर तुम्हीच सांगून बघा." सरांनी तिला तासभर उभं केलं. तिला तेच हवं होतं.

तिचे वडील, म्हणजे माझे काका, अंबरनाथच्या एका कंपनीत सुपरवायझर होते. त्यांचं मत ठरलेलं: "अभ्यास टाळायची नाटकं." स्टेशनजवळचे डॉक्टर म्हणाले, वाढीचं वय आहे. "दोन वर्षांत उंची इंचभर वाढली नाही," ती म्हणाली, "मग वाढतंय काय?" पण सहामाहीला गणिताचा पेपर अर्धा टाकून तिला उठावं लागलं, तेव्हा मात्र ती घाबरली. बोर्डाला काय करायचं? घरी तिने सरळ सांगितलं, "दुसऱ्या डॉक्टरकडे न्या, नाहीतर मी एकटी जाते."

मावशीने आम्हाला अंबरनाथ पश्चिमेला नेलं. तिथल्या डॉक्टरबाईंनी न हसता विचारलं, "नेमकं काय होतं?"

"दुखत नाही. आतून कोणीतरी ओढल्यासारखं होतं. चाललं की थांबतं."

रक्त तपासलं, तर लोह पार तळाला गेलेलं. बाईंनी गोळ्या दिल्या, गोळीबरोबर चहा बंद केला आणि पाय स्वस्थ बसू न देणाऱ्या या आजाराचं नाव कागदावर लिहून दिलं. तो कागद धरून ती रिक्षात रडली. "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते."

घरी तिने कागद काकांपुढे ठेवला. त्यांनी दोनदा वाचला, मग चपला घातल्या. "चल, चालून येऊ," एवढंच म्हणाले. त्या दिवसापासून दोघं रोज संध्याकाळी बारवी धरणाच्या रस्त्याने जाऊ लागले.

मार्चपर्यंत पाय पुष्कळ शांत झाले. बोर्डाचे सगळे पेपर तिने बसून लिहिले. तरी साडेसहा वाजले की काका दाराशी येऊन विचारायचे, "जायचं?" आता गरज उरली नव्हती. तसं ती त्यांना कधी बोलली नाही.