हजार वर्षांच्या राज्यावरचा वाद

गिरगावातल्या मिशनच्या शाळेत शिकवणारी सरोजिनी भालेराव चर्चच्या बायबल वर्गात कधी गप्प बसायची नाही. छप्पनच्या जानेवारीत परळचा प्रभाकर शेलार तिथे बायबलातल्या शेवटच्या पुस्तकावर, प्रकटीकरणावर बोलला. ख्रिस्त परत येऊन पृथ्वीवर खरोखर हजार वर्षं राज्य करील, असं त्याचं ठाम मत होतं.

सरोजिनी उठली. “हजार हा आकडा प्रतीक म्हणून आलाय. ते राज्य आजच चालू आहे.”

दुसऱ्या दिवशी वाद पुरा करायला तो तिच्या घरी आला, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या दंगलीमुळे बाहेर संचारबंदी लागली. त्याला तिथेच राहावं लागलं. तो तिच्या आईला तांदूळ निवडून द्यायचा आणि उरलेला सगळा वेळ सरोजिनीशी भांडायचा.

संचारबंदी उठली तसे सरोजिनीचे वडील म्हणाले, “प्रभाकरराव, आता घरी जा. आई काळजीत असेल.”

“पण आमचं अजून ठरलं नाही.”

सरोजिनी हसून म्हणाली, “जाऊ दे त्यांना, पप्पा. येताना आईंना घेऊन येतील.”

तो लाजला, पण आईला घेऊन आला.

ईस्टरनंतर लग्न झालं. दोघांचीही मतं तसूभर हलली नव्हती. पाळकसाहेबांनी प्रवचनाला प्रकटीकरण टाळून मुद्दाम काना गावच्या लग्नाचा, येशूने पाण्याचा द्राक्षारस केला तो उतारा घेतला.