देवगोईच्या उतारावरचं पेट्रोल

माझ्या सासऱ्यांचा गाडीबद्दलचा सगळ्यात लाडका सिद्धांत असा, की टाकी कधीही फुल करायची नाही. पेट्रोललाही वजन असतं, गाडीला ते ओढावं लागतं आणि अ‍ॅव्हरेज बोंबलतं. गावी कळसाडीत ओट्यावर बसून ते हे अशा थाटात सांगतात, की ऐकणारा त्याच दिवशी आपली टाकी रिकामी करून टाकेल!

मी डोंगरातल्या उपकेंद्रात नर्स आहे. मे महिन्यात एकदा आमचूर घ्यायचा म्हणून सासरे माझ्याबरोबर निघाले. अक्कलकुव्याच्या पंपावर मी म्हटलं, "बाबा, आज फुल करते." झालं! "काय करी ऱ्हायनी तू? वजन वाढस, गाडी जास्ती पेट्रोल खास." पंपावरचा माणूस हसायला लागला. मी चिडले, पण सासऱ्यांपुढे बोलणार काय? त्यांनी सांगितलं तेवढंच टाकलं. जाऊन-येऊन पुरलं असतं, हेही खरं.

दुपारी एका पाड्यावरून निरोप आला. बाळंतपण अडलं होतं. रुग्णवाहिका दुसरीकडे गेलेली. मी माझीच गाडी काढली, बाबा शेजारी बसले. त्या दगडधोंड्यांच्या वाटेवर पहिल्या गिअरमध्ये इंजिनाने घटाघटा पेट्रोल प्यायलं. बाईला आणि तिच्या आईला मागे बसवून डांबरी रस्त्याला लागलो, तेव्हा काटा तळाला टेकलेला आणि लाल दिवा लागलेला. वाटेतल्या टपरीवर बाटलीतलं पेट्रोल मिळतं, तीही नेमकी बंद. मागे ती पोर ओठ चावून कण्हत होती. तिच्या आईने माझ्या खांद्याला धरलं होतं, ती सोडेचना. अक्कलकुव्यापर्यंत पोचलो नाही, तर दोन जीव जाणार होते. ते मला दिसत होतं, आणि बाबांनाही.

चढ संपून देवगोईच्या घाटाचा उतार सुरू झाला आणि बाबा ओरडले, "उतार शे! न्यूट्रल कर! बंद करी टाक!"

आमच्याकडे ही जुनी रीतच आहे. उतार लागला की न्यूट्रल, आणि फारच शहाणा असेल तर इंजिनही बंद. पण म्हसावदच्या मेकॅनिकने मला एकदा दम देऊन सांगितलं होतं, "ताई, हे जुन्या गाड्यांचं. हिला डोकं आहे. उतारावर गिअर तसाच ठेवा, पाय उचला. चाकंच इंजिन फिरवतात, पेट्रोलचा थेंब जात नाही. न्यूट्रल केली तर चालू राहायला ती पेट्रोल पिणारच. आणि चावी फिरवली तर ब्रेक दगडासारखा होईल." मी मान डोलावली होती. विश्वास कुठे ठेवला होता?

बाबांचा हात चावीकडे गेला. मी तो फटका मारून बाजूला केला. सासऱ्यांचा हात! लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यांच्यासमोर मी मोठ्याने हसलेही नव्हते.

"हात लावायचा नाही!" मी ओरडले आणि पाय उचलला.

समोर अ‍ॅव्हरेजची पट्टी असते. ती सरसर सरकली आणि शेवटच्या टोकाला जाऊन चिकटली. म्हणजे खर्च काहीच नाही. इंजिन घुमत होतं, गाडी वळणामागून वळणं घेत होती, स्टिअरिंग हलकं, ब्रेक शाबूत, आणि टाकीतून एक थेंब जात नव्हता. अहो, चार माणसं आणि पोटातलं एक, आणि आम्हाला निव्वळ डोंगर उतरवत होता. मघाशी चढताना जे जळलं, तेच आता परत मिळत होतं जणू. मला रडू फुटलं. भीती होतीच, पण त्याहून जास्त नवल वाटत होतं. कुठल्या माणसांनी बसून हे इतकं बारीक विचारात घेतलं असेल? माझ्यासारखीची टाकी रिकामी असेल, हे त्यांना काय ठाऊक?

बाबा त्या पट्टीकडे बघत होते. पुढचा सपाट रस्ता मी श्वास रोखूनच कापला.

दवाखान्याच्या दारात गाडी थांबवली, बाईला आत नेलं. तासाभराने गाडी सावलीत लावावी म्हणून चावी फिरवली, तर इंजिन नुसतं किरकिरलं. टाकीत काहीच उरलं नव्हतं.

बाबा कुठे दिसेनात. मनात मी वाक्य तयार ठेवलं होतं, 'काय बाबा, गाडी हलकी झाली ना आता पुरती?' घाटभर घोटून ठेवलेलं. तेवढ्यात ते फाटकातून आले. त्या उन्हात पंपापर्यंत पायी जाऊन आले होते. पेट्रोलचा कॅन गळ्यापर्यंत भरलेला, दोन्ही हातांनी छातीशी धरलेला. सदरा घामाने भिजून अंगाला चिकटला होता.

"बाई?" एवढंच विचारलं.

"मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

त्यांनी कॅन खाली ठेवला आणि तिथेच मातीत बसले. "मन्ही चूक शे, पोरी. मन्ही चूक." त्यांच्या उजव्या मनगटावर माझ्या बांगडीचा ओरखडा होता.

मी कॅन उचलायला गेले, तर त्यांनी उचलू दिला नाही. "जड शे," म्हणाले, आणि स्वतःच उठले.