लिंबोणीला लावलेले चिमटे

"एक मिनिट, बराबर करू द्या."

बटण दाबण्याआधी ते हे म्हणत आणि हात पुढे करत. नवरीचा पदर, पुढाऱ्याच्या गळ्यातला हार, पासपोर्ट फोटोला बसलेल्याची कॉलर. काहीतरी सरळ केल्याशिवाय त्यांचा फोटो निघत नसे. सेनगावात त्यांचा स्टुडिओ होता. आमच्या दैनिकाला आसपासचे फोटो तेच देत. सगळे त्यांना मामा म्हणत.

वारंगा फाट्यावरच्या एका रास्ता रोकोत त्यांनी घोषणा थांबवल्या होत्या. "पाटील, मूठ जरा वर. तोंडावर येऊन राहिली." पाटलांनी मूठ वर घेतली. मग आंदोलन पुढे सुरू झालं.

स्टुडिओमागे घर, घरामागे लहानसं परसदार. गिऱ्हाईक येण्याआधी मामा तिथे कॅमेरा घेऊन बसत. बुलबुल, साळुंकी, खार, सरडा. येईल त्याचा फोटो. "ह्यांना सरळ बसा म्हणता येत न्हाई, तेवढीच तकलीफ," म्हणत.

एका उन्हाळ्यात तिथल्या लिंबोणीत शिंजिराने घरटं केलं. तुम्ही हा पक्षी पाहिला असेल: अंगठ्याएवढा, बाकदार चोचीचा, फुलातला मध पिणारा. त्याचं घरटं फांदीला लोंबतं आणि लांबून जळमटासारखं दिसतं. आत पिल्लं होती. मादी त्यांना भरवते तो फोटो मामांना हवा होता, पण पानं आड येत. त्यांनी धुण्याचे चिमटे आणले आणि पुढच्या फांद्या बाजूला ओढून अडकवल्या. घरट्यावर ऊन पडलं. फोटो स्वच्छ आला. मग ते लग्नाच्या ऑर्डरला गेले आणि चिमटे तसेच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवर भारद्वाज बसला होता. शेजारच्या आजींनी हात जोडले. "मामा, बघा तरी! सकाळी सकाळी भारद्वाज. दिवस चांगला जातो आता तुमचा."

घरटं फाटलं होतं. मादी चोचीत किडा घेऊन त्याच्याभोवती फिरत होती.

आम्ही मादी भरवतानाचा तो फोटो रविवारी छापला. वाचकांना फार आवडला.

"भारद्वाज पिल्लं खातोच, मामा," मी म्हणालो.

"खातो ना. पण दार म्या उघडून दिलं."

त्यानंतर त्यांचा हात पुढे येईना. हार वाकडे, कॉलरी दुमडलेल्या. कोणी टोकलं तर म्हणत, "राहू द्या. हाय तसं चांगलं." पक्ष्यांच्या फोटोंत तर पानंच दिसत.

"मामा, यात पक्षी कुठं आहे?"

"हाय की आत. तुमाला दिसला न्हाई म्हंजे भारद्वाजालाबी दिसत नसंल."

शिंजीर मात्र परत आला नाही. दर उन्हाळ्यात मामा लिंबोणीसमोर खुर्ची टाकून वाट पाहत.

गेल्या हिवाळ्यात ते गेले. या उन्हाळ्यात त्यांच्यावर थोडं लिहायचं ठरलं, म्हणून फोटो घ्यायला मी घरी गेलो. तसबीर मागच्या ओसरीत होती. तिच्यासमोर बल्बच्या जुन्या वायरला जळमटासारखं काहीतरी लोंबत होतं. त्याने मामांचा अर्धा चेहरा झाकला होता. मी मोबाइल धरला आणि वायर बाजूला करायला हात वर केला.

"भाऊ, हात लावू नका," मामी म्हणाल्या. "आत लेकरं हायत."

मी होतं तसंच बटण दाबलं. फोटोत मामांचा एक डोळा आला आहे, आणि घरट्याच्या तोंडाशी एक उघडी चोच.