मावशीच्या हातावरचं पेनिसिलिन

सुमनमावशी गेली, असा मावसभावाचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून आधी निघालं, "सुई कोणती दिली होती?" तो म्हणाला, "अवं बाई, सुई नाई न काई नाई, झोपेतच गेली." बरं वाटलं... आणि मग भडभडून आलं.

सन ऐंशी-ब्याऐंशीचे दिवस असतील. एटापल्लीजवळ धानाची रोवणी करताना मावशीच्या पायात काटा मोडला, पाय सुजला. दवाखान्यात पेनिसिलिनची सुई दिली आणि अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास कोंडला. डॉक्टर तिथेच होते म्हणून वाचली. "हे औषध तुम्हाला चालत नाही, ही चिठ्ठी कायम जवळ ठेवा," त्यांनी बजावलं. पण चिखलात राबणाऱ्या बाईजवळ कागद टिकतो कुठे! मावशी सरळ बाजारातल्या गोंदणारीपुढे बसली आणि मनगटाच्या वर गोंदवून आली : पेनिसिलिन नको. मोसाजी, म्हणजे तिचे यजमान, भडकले. "बाया नवऱ्याचं नाव गोंदतेत, तू औषधाचं गोंदून आली?"

"तुमच्या नावानं गांधी नाई उठत ना जी!" मावशी म्हणाली. मोसाजींनाच हसू फुटलं.

गावानं मात्र त्या गोंदणाचा आपल्या मनानं अर्थ काढला. जे हातावर लिहावं लागलं ते जहरच! पेनिसिलिन म्हटलं की लोक दवाखान्यातून पळायचे. त्यातच मी बाळंतपणानंतर तापानं फणफणले, छाती कफानं भरली, लेकराला जवळ घेण्याचंही त्राण नव्हतं. डॉक्टरांनी पेनिसिलिन काढलं तसा आईनं त्यांचा हात धरला. "यानं माही बहीण मरता मरता वाचली. माह्या पोरीले नाई देऊ देत!"

निरोप गेला तशी मावशी धावत आली. "बाई, माहं आंग अलग, तिचं अलग. मले वांगं नाई चालत म्हणून तू भरीत करणं सोडलं का?"

आई बाजूला सरली. डॉक्टरांनी आधी टेस्टची थेंबभर सुई टोचली. मावशी माझा हात मांडीवर घेऊन त्याच्याकडे टक लावून बसली... पापणीसुद्धा लवेना. भीती तर तिलाच जास्त वाटत होती. काहीच उठलं नाही. "कोरा राह्यला वं माय तुया हात!" ती हसली आणि हसता हसता रडायला लागली. मग सुई झाली, ताप उतरला, लेकरू पोटाशी आलं.

परवा दवाखान्यात नर्सनं विचारलं, "कोणतं औषध चालत नाही का?" "नाही," मी म्हटलं आणि उगाच मनगटावरून बोटं फिरवत राहिले. मावशी असती तर म्हणाली असती, "अवं, थांब जराशी. पाहू दे ना मले एकदा!"