तिथे कोणी राहत नाही

"अरे, तिथे कोणी राहतच नाही. उन्हाळ्यात येतात, नाचतात, जातात. जागा रिकामी दाखव, खलास."

सर माझ्याशी बोलत नव्हते. माझ्या डोक्यावरून पलीकडच्या निखिलशी बोलत होते. नकाशा मात्र माझ्या स्क्रीनवर होता.

दुबईच्या जबल अलीतलं आमचं ऑफिस परदेशी कंपन्यांसाठी जमिनीचे नकाशे करतं. हा कॅनडातला. नदीकाठचं एक मैदान, तिथल्या मूळच्या डेन-झा लोकांचं जमण्याचं ठिकाण. त्यावरून पाइपलाइन जाणार होती. सकाळच्या कॉलवर त्यांच्यातली एक म्हातारी बोलली होती. हिवाळाभर आमची कुटुंबं शिकारीसाठी पांगलेली असायची, ती म्हणाली. उन्हाळ्यात इथे यायची. ढोल वाजायचे. सूर्य फिरतो तसं शेकोटीभोवती नाचायचं. गेलेल्यांना वाट सापडावी म्हणून गाणी म्हणायची.

ती बोलत होती, तेव्हा सर म्यूट करून बिर्याणी मागवत होते.

मी ऑफिसात फारशी बोलत नाही. बोलले तर इंग्रजीत, तेही खाली बघून. त्या दिवशी हळूच म्हटलं, "सर, शी सेड इट्स अ गॅदरिंग प्लेस. शुडन्ट वी कीप द मार्क?"

सर हसले. "तुला कळणारच! निखिल, हिला एकदा शारजात सोडलं होतं मी. इंडस्ट्रियल एरियात, गॅरेजांच्या मागे एक कडुनिंब आहे. खाली हिचे वडील आणि सगळी गँग, पुठ्ठे टाकून. चार माणसं झाडाखाली बसली की यांचं झालं तीर्थक्षेत्र!"

"चहा तरी मिळतो का, हबीबी?" निखिलने विचारलं.

सगळे हसले. माझे कान तापले.

ते पुठ्ठे मला माहीत आहेत. अब्बा तिथल्या गॅरेजात वेल्डिंग करतात. जुम्म्याची नमाज झाली की रायगडकडची आमच्या गावची माणसं त्या झाडाखाली जमतात. गावाकडे कुणाचं कोणी वारलं तर त्याच्या इथल्या माणसाला फोनवर सांगत नाहीत. कामगारांच्या कॅम्पातल्या खोलीत त्याने ते एकट्याने ऐकू नये म्हणून. त्याला झाडाखाली बोलावतात. तो येतो. सगळ्यांचे चेहरे बघतो. कोणी तोंड उघडायच्या आधीच त्याला कळतं. मग खांद्यावर हात पडतात.

दादी गेली तेव्हा अब्बांना असंच बोलावलं होतं. दफन गावात झालं. रडणं त्या झाडाखाली.

तिथेही कोणी राहत नाही.

"यल्ला, चल, ती खूण डिलीट कर," सर म्हणाले. "लंचच्या आधी पाठवायचंय."

माझा व्हिसा या ऑफिसचा आहे; नोकरी गेली की तोही जातो. हे मला माहीत होतं. सरांनाही.

मी माउस सोडला. उभी राहिले. आणि मराठीत बोलले.

"नाही सर. ती जागा नकाशावर राहील. पुसायची असेल तर इथे बसा, तुमच्या हाताने पुसा आणि नकाशाखालचं माझं नाव काढा. आणि त्या पुठ्ठ्यावर माझे अब्बा त्यांच्या आईसाठी रडलेत. त्यावर पुन्हा हसायचं नाही."